आम्लवर्षा की अम्लवर्षा? आणि ‘कोरडी’ असेल तर?

सदाशिवपेठी: शाळेच्या प्रदर्शनासाठी प्रदूषणाचे फलक मराठीत करतेय. मी ‘आम्लवर्षा’ लिहिलं, तपासणाऱ्या बाईंनी काना खोडून ‘अम्लवर्षा’ केलं. ते एकवेळ चालेल. अडलंय पुढे. धुरातला सल्फर डायऑक्साइड आणि नायट्रोजनचे ऑक्साइड हवेत, ढगांत आम्ल होतात आणि पावसातून उतरतात. पण पाऊस नसतानाही ते वायू आणि कण झाडांवर, भिंतींवर बसतातच. त्याला ‘कोरडी आम्लवर्षा’ म्हणू? वर्षा आणि कोरडी?

पाषाणकर: बाई बरोबर आहेत. संस्कृतात अम्ल म्हणजे आंबट. गंधकाम्ल बघा ना, गंधक अधिक अम्ल.

जुने मास्तर: गंधक अधिक आम्ल केलं तरी गंधकाम्लच होतं. त्या संधीने काहीच सिद्ध होत नाही. पाठ्यपुस्तकात आम्ल-आम्लारी आहे, मुलं तेच वाचतात. काना ठेवा.

तांबट आळी: आमच्याकडे तेजाबच म्हणत. ‘तेजाबी पाऊस’ लिहा, कुणालाही कळेल.

पाषाणकर: तेज-आब, फारसी. त्यात आब म्हणजे पाणी आलंच, वर पुन्हा पाऊस कशाला? घरचा शब्द असताना उसना नको.

तांबट आळी: तेजाब घरचाच आहे हो. आमच्या तीन पिढ्यांच्या हातांवर त्याचे डाग आहेत.

कर्वेनगर: माझी आई ‘आंबट पाऊस’ म्हणते. गोड वाटतो.

जुने मास्तर: गोड आहे, पण साधा पाऊसही थोडा आंबटच असतो. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे त्याचा पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप, साधारण ५.६; आकडा कमी तितका आंबटपणा जास्त. त्याहून खाली गेला की आम्लवर्षा. ‘अ‍ॅसिड रेन’ हा इंग्रजी शब्द रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट अँगस स्मिथ यांचा, १८७२ च्या पुस्तकातला. त्यांच्यासमोर मँचेस्टरचा कोळशाचा धूर होता. आपल्याकडे धुळीतला चुना बरंचसं आम्ल मारतो.

कर्वेनगर: चुन्यावरून आठवलं. वाड्यातल्या शहाबादी फरशीवर लिंबू सांडलं की पांढुरका डाग पडायचा, पुसून जायचा नाही. बोट फिरवलं की तिथे खरखरीत लागायचं. फरशी चुनखडीची ना! फलकावर हे दाखवा, मुलांना लगेच पटेल.

सदाशिवपेठी: हे नक्की घेते. पण कोरड्याचं काय? ‘निक्षेपण’ हा शास्त्रीय शब्द कुणाला कळणार?

पाषाणकर: ‘आम्ल बसणे’ म्हणा. धूळ बसते, तसं.

जुने मास्तर: बघा, तुम्हीही काना दिलात.

पाषाणकर: बोटाची चूक. अम्लच. चिंचेलाही संस्कृतात अम्लिका म्हणतात.

तांबट आळी: मग आमसूल अम्लावरून की आंब्यावरून?