मदत हवी आहे : हापूस विक्रीच्या मराठी संकेतस्थळाचा वेग आणि गूगलमधील स्थान

नमस्कार मंडळी,

देवगड परिसरातील काही बागायतदार ज्यावरून थेट ग्राहकांना हापूस विकतात, ते मराठी संकेतस्थळ मी सांभाळतो. पेजस्पीड इनसाइट्स या गूगलच्या वेग मोजणाऱ्या साधनानुसार मोबाइलवर पहिल्या पानाचा मुख्य भाग दिसायला चार सेकंदांहून अधिक वेळ लागतो; गूगलच्या निकषाप्रमाणे तो २.५ सेकंदांच्या आत दिसायला हवा. आंब्याच्या पेटीचा मोठा फोटो वेबपी या हलक्या चित्र-स्वरूपात आणून त्यावरचे लेझी लोडिंग (चित्र गरज पडेल तेव्हाच उतरवण्याची सोय) काढल्यावर बराच फरक पडला, पण देवनागरी फॉन्टची फाइल, तीत जोडाक्षरांचे शेकडो आकार असल्यामुळे, अजूनही जड आहे. ती छाटून पाहिली, तर ‘रत्नागिरी’तला ‘त्न’ सुटा होऊन हलन्त दिसू लागतो. जोडाक्षरे आणि रफार शाबूत ठेवून फॉन्ट हलका करण्याची खात्रीची पद्धत कोणी वापरली आहे का?

दुसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. पानांचे पत्ते देवनागरीत आहेत आणि व्हॉट्सॲपवर पाठवताना त्यांची टक्केचिन्हांनी भरलेली लांबलचक माळ होते, त्यामुळे ग्राहक ती उघडायला कचरतात. शिवाय अनेकजण मराठी शब्द रोमन लिपीत टाइप करून शोधतात. पत्ते रोमन करून जुन्यांवर ३०१ रीडायरेक्ट (जुन्या पत्त्यावरून नव्याकडे कायमचे वळवणे) लावल्यास आजवर मिळालेले स्थान काही काळ डळमळेल, अशी भीती वाटते, आणि मार्चपासून हंगाम सुरू होतो. हा बदल आत्ताच करावा की जूननंतर? ज्यांनी मराठी संकेतस्थळावर तो प्रत्यक्ष केला आहे, त्यांनी कृपया अनुभव सांगावा.