मदत हवी आहे : ३१५ बोअरची जुनी शिकारी रायफल दुरुस्त करावी की बदलावी?

सर्वांना नमस्कार. सोलापूर जिल्ह्यात मोहोळजवळ आमच्या शेतवस्तीवर वडिलांच्या वेळची ३१५ बोअरची रायफल असून तिचा परवाना आता माझ्या नावावर आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा विषयच संपला, त्यामुळे ती केवळ संरक्षणासाठी बाळगली आहे (उसात रानडुकरे येतात, पण त्यावरचे सल्ले कृपया नकोत).

बोल्ट (काडतुसामागून नळी बंद करणारा सरकता भाग) अजून घट्ट बसतो आणि चापही उत्तम चालतो. मात्र नळीच्या तोंडाकडील आतले आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा) जवळजवळ पुसले गेले आहेत, आणि दस्त्याला मुठीच्या जागी बारीक चीर गेली असून तेलाचा हात फिरवला की ती काळी रेघ होऊन उठून दिसते. अक्रोडाचा नवा दस्ता बसवता येईल, त्याची चिंता नाही. खरा प्रश्न नळीचा आहे, कारण नवी नळी बसवताना बोल्ट आणि काडतुसाचे बूड यांतील अंतर अचूक जुळले नाही, तर बार उडताना काडतुसाचे पितळ फाटू शकते. म्हणून हे काम परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्यायचे आहे.

नवी घ्यावी, तर शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार एका व्यक्तीला दोनच बंदुका ठेवता येतात आणि माझ्याकडे बारा बोअरची दुनळी आहेच. म्हणजे ही रायफल आधी हस्तांतरित करावी लागणार, आणि मन त्याला तयार होत नाही.

सोलापूर किंवा पुण्याकडे असे काम कोणी करून घेतले आहे का? नळी बदलल्यास परवान्यात कोणती नोंद करावी लागली आणि एकूण खर्च किती आला, हे अनुभवी सदस्यांनी कृपया कळवावे.