इंग्लंडमधल्या लेसवाल्या बायकांचा इतिहास: 1841 ते 1881 कुठे आणि कसं शोधू?

मागावरची

नमस्कार मंडळी. प्रश्न मोठा आहे, वेळ काढून वाचा.

मी मूळची इचलकरंजीची, सध्या नॉर्दॅम्प्टनला असते. इथे शेजारच्या गावातल्या हॉलमध्ये काही बायका आठवड्यातून एकदा जमून बॉबिन लेस करतात. मीही तिथे शिकते. ज्यांनी हे काम पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पेंढा ठासून भरलेली टणक उशी असते, तिच्यावर भोकं पाडलेला नमुना पसरायचा. प्रत्येक धागा एका लाकडाच्या किंवा हाडाच्या बॉबिनवर गुंडाळलेला. हालचाली दोनच, शेजारच्या धाग्यावरून धागा ओलांडायचा किंवा जोडीला पीळ द्यायचा. मग नमुन्यातल्या भोकात टाचणी खोचायची आणि पुढे सरकायचं. दोन बोटं रुंद किनारीला पन्नास-साठ बॉबिन सहज लागतात. तासाभरात माझी नखभर लेस होते, आणि शंभर-दीडशे वर्षांपूर्वी याच गावांत बायका यावर घर चालवत होत्या हे डोक्यातून जात नाही.

यंदा एका दिवाळी अंकासाठी त्या बायकांवर लिहायचं ठरवलं आहे. बकिंगहॅमशर, बेडफर्डशर, नॉर्दॅम्प्टनशर हा पट्टा आणि एकोणिसावं शतक. पण जे वाचते त्यात दोनच गोष्टी पुन्हा पुन्हा येतात. एकीत झोपडीच्या दारात ऊन खात बसलेली म्हातारी, मांडीवर उशी, आणि गाणी म्हणणाऱ्या पोरी. दुसरीत यंत्र आलं आणि हातलेस मेली. यंत्रमागाच्या गावात वाढल्यामुळे दुसरी गोष्ट मला तशीच्या तशी घेववत नाही. नवं यंत्र येतं तेव्हा काही काम जातं, काही वेगळंच निघतं, आणि पैसा कोणाच्या हातात राहतो ते बदलतं. शिवाय तारखा जुळत नाहीत. जॉन हीथकोट या इंग्रज संशोधकाचं जाळी विणणारं यंत्र 1808-09 सालचं, आणि 1851च्या शिरगणतीत इथली गावंच्या गावं लेसवाल्यांनी भरलेली. मधली चाळीस वर्षं हा धंदा कशावर जगला?

दुसरा गोंधळ शिरगणतीचाच. बकिंगहॅमशरमधल्या ओल्नीजवळच्या एका गावाची पानं पाहिली. 1841ला बायकांपुढचा धंद्याचा रकाना जवळजवळ सगळा कोरा, 1851ला घराआड घर लेसवाली. दहा वर्षांत एवढी वाढ?

आणि खरं सांगायचं तर मला एक बाई हवी आहे. गाव, वय, घर, तिचा व्यापारी, तिला मिळालेले पैसे. कुठे शोधू?

जुनी_कागदपत्रं

ताई, 1841च्या कोऱ्या रकान्यावर काही बांधू नका. त्या वर्षी मोजणीदारांना सूचनाच होती की बायकोचा धंदा, आणि आईबापांबरोबर राहून मजुरी न घेता त्यांना मदत करणाऱ्या मुलामुलींचा धंदा लिहायची गरज नाही. कोणी तरीही लिहिला, बहुतेकांनी सोडून दिला. 1851ला बायकांचं नियमित काम विचारलं गेलं. तुमच्या गावातल्या बायका आधीही उशीवर बसतच होत्या.

सुरुवात 1851पासून करा. त्यात घरच्या माणसांचं आपसातलं नातं आहे, जन्मगाव आहे, आणि वय नीट आहे. 1841ला पंधरा वर्षांपुढच्यांचं वय बहुधा पाचाच्या पटीत खाली आणून लिहिलेलं असतं. 1851ला एक घर धरा आणि त्याच घराला 1861, 1871, 1881मध्ये गाठा. आई लेसवाली, मुलगी लेसवाली, आणि नातीपुढे मात्र ‘शाळकरी’ असं दिसू लागेल. 1867च्या कायद्याने आठ वर्षांखालच्या मुलांना अशा कामाला लावायला बंदी आली, 1870ला शिक्षणाचा कायदा झाला, 1880ला शाळेत जाणं सक्तीचं झालं. पाच-सहा वर्षांच्या पोरींना लेस शिकवणाऱ्या घरगुती ‘लेस शाळा’ त्यानंतर टिकल्या नाहीत. सहा वर्षांच्या मुलीपुढे 1851ला ‘शाळकरी’ लिहिलेलं असलं तरी ती शाळा कसली होती हा प्रश्न तुम्ही विचारलाच पाहिजे. टंकलेल्या यादीवर थांबू नका, मूळ पानाचं चित्र उघडा. धंद्याचे शब्द उतरवताना फार चुकतात.

आवाज हवा असेल तर मुलांच्या मजुरीची चौकशी करणाऱ्या सरकारी आयोगाचे अहवाल वाचा. 1843चा एक आणि 1860च्या दशकातला एक. त्यात मुलींच्या, त्यांच्या आयांच्या आणि शाळा चालवणाऱ्या बायकांच्या जबान्या आहेत. मार्क्सने 1867च्या ‘कॅपिटल’मध्ये उशीवरच्या लेसबद्दल लिहिलं आहे ते याच साहित्यावरून. लहान खोली, थंडीत बंद खिडक्या, लेस काळी पडू नये म्हणून चुलाणाशिवाय बसलेल्या पोरी, हे सगळं तिथे सापडेल. फक्त एक लक्षात ठेवा, जबानीत उत्तर छापलेलं असतं, प्रश्न बहुतेक वेळा नसतो. साहेबाने काय विचारलं असेल ते उत्तरावरून ताडावं लागतं. मी आमच्याकडच्या कज्ज्यांची कागदपत्रं वाचतो तिथेही हीच सवय लावून घ्यावी लागली.

1834च्या आधीच्या काळात जायचं असेल तर पॅरिशच्या, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या गावकारभाराच्या, गरीब-निधीचे हिशेब पाहा. गावाने एखाद्या पोरक्या मुलीला उशी, बॉबिन आणि धागा घेऊन दिल्याच्या किंवा तिच्या लेस शिकण्याचे पैसे भरल्याच्या नोंदी अशा वह्यांत मिळतात. एक बाई नावानिशी भेटण्याची ती सगळ्यांत चांगली जागा, असं माझं मत.

ताणाबाणा

चाळीस वर्षांच्या कोड्याबद्दल.

हीथकोटच्या यंत्राने आधी फक्त साधी जाळी केली. फुलं, पानं, त्यांच्या कडेने फिरणारा जाड धागा, हे काही त्याला जमत नव्हतं. पण बकिंगहॅमशरच्या लेसमध्ये जाळी आणि नक्षी एकाच वेळी, त्याच धाग्यांनी, एकाच उशीवर होते. तासनतास जातात ते त्या जाळीत. म्हणजे यंत्राने नेमका मजुरीचा सगळ्यात मोठा वाटा उचलला.

तरी तो फटका लगेच बसला नाही. 1815पर्यंत फ्रान्सशी युद्ध चालू होतं, फ्रेंच लेस अडलेली होती, आणि तुमच्या पट्ट्यातल्या बायकांना त्या वर्षांत भरपूर काम होतं. 1816ला लुडाइटांनी, म्हणजे यंत्रं फोडणाऱ्या कामगारांनी, हीथकोटची लफबरोची गिरणी फोडली, तो उठून डेव्हनमध्ये टिव्हर्टनला गेला. 1823ला त्याचं पेटंट संपलं आणि नॉटिंगहॅममध्ये ज्याच्याकडे चार पैसे होते तो जाळीच्या धंद्यात उतरला. जाळीचे भाव कोसळले. 1820 आणि 1830ची दशकं हातलेसला फार वाईट गेली.

यातून दोन वाटा निघाल्या. डेव्हनच्या हॉनिटन पट्ट्यात बायका फुलं-पानं सुटी विणायच्या, आणि ती यंत्राच्या जाळीवर टाकून शिवली जायची. ज्या यंत्राने काम हिसकावलं त्याच्याच कापडावर हातकाम उभं राहिलं. फेब्रुवारी 1840ला व्हिक्टोरिया राणीचं लग्न झालं, तिच्या लग्नाची लेस बिअर या किनाऱ्यावरच्या गावी आणि आसपास झाली. देखरेख जेन बिडनी या बाईंची. दोनशेहून जास्त बायका त्या कामावर होत्या.

तुमच्याकडची वाट वेगळी. 1851च्या लंडनच्या महाप्रदर्शनाच्या सुमारास माल्टाची लेस फॅशनमध्ये आली. तिच्यात बारीक जाळी नाहीच, वेण्या आणि गव्हाच्या दाण्यासारखी पानं, त्यामुळे काम भराभर उरकतं आणि त्या वेळच्या यंत्राला त्याची नक्कल करता येत नव्हती. बेडफर्डशरच्या बायकांनी ते उचललं. बेडफर्डचा व्यापारी टॉमस लेस्टर याने त्या पद्धतीत पक्षी, प्राणी आणि फुलांचे जे नमुने काढले ते बघताना अजूनही माझा श्वास अडकतो. पुढे नॉटिंगहॅमची यंत्रं तेही करायला शिकली आणि शतकाच्या शेवटच्या दशकांत धंदा बसला. म्हणजे यंत्राचा घाव दोनदा पडला, आणि तुमची 1851ची शिरगणती त्या दोन घावांच्या मधली आहे. लेखाचा कणा हाच करा अशी माझी आग्रहाची विनंती.

एक भर घालतो. बेडफर्डशरच्या दक्षिणेला, लूटन-डन्स्टेबलकडे, टोप्यांसाठी गव्हाच्या काड्यांच्या वेण्या विणण्याचा धंदा होता. पैसे बरे मिळायचे म्हणून पोरी तिकडे वळायच्या. तुमचं गाव त्या सीमेजवळ असेल तर तेही तपासा.

करवतकाठी

मी एक्सेटरला असते, लेस करते, म्हणून वस्तूंबद्दल बोलते.

मागावरची ताई, तुमच्या हॉलमधल्या जुन्या बॉबिन हातात घेऊन बघा. खाली तारेत ओवलेले काचेचे मणी असतात ना? त्या वजनाने धागा ताणून राहतो. आमच्याकडे हॉनिटनच्या बॉबिन बारीक, टोकाला निमुळत्या आणि बिनमण्यांच्या, कारण आम्हाला विणलेल्या भागाच्या फासातून बॉबिन ओढून तुकडे जोडावे लागतात. एक बॉबिन बघून ती कुठल्या पट्ट्यातली ते कळतं.

हाडाच्या बॉबिनवर भोकांच्या ठिपक्यांनी अक्षरं काढून त्यात लाल-निळा रंग भरलेला असतो. बहिणीचं नाव, प्रियकराचं नाव, मेलेल्या बाळाचं नाव. आणि फाशीसुद्धा. बेडफर्डला फाशी गेलेल्या सेरा डॅझलीच्या, 1843च्या, जोसेफ कासलच्या, 1860च्या, विल्यम वर्झलीच्या, 1868च्या, अशा नावासालाच्या बॉबिन संग्रहालयांत आहेत. बायका त्या विकत घेऊन रोजच्या कामात वापरायच्या. दारात ऊन खात बसलेल्या म्हातारीच्या चित्रात हे कुठेच बसत नाही, आणि म्हणून मला ते फार मोलाचं वाटतं. ही बाई गावाबाहेरचं जग डोळे उघडे ठेवून बघत होती.

संध्याकाळचं काम कसं चालायचं तेही लिहा. एका तिवईवर मधोमध मेणबत्ती, तिच्याभोवती पाण्याने भरलेले काचेचे चंबू. प्रत्येक चंबूतून उजेडाचा ठिपका एकेका उशीवर पडायचा. जवळच्या बाकावरच्यांना चांगला उजेड, मागच्यांना उरलासुरला. गाणीही नुसती करमणुकीची नव्हती. एकोणीसपासून उलटं मोजत टाचण्या लावायच्या, म्हणजे सगळ्या पोरींचा हात एका वेगाने चालायचा.

व्यापाऱ्याबद्दल विचारलंत. धागा आणि नमुना त्याच्याकडूनच घ्यायचा, ठरलेल्या दिवशी लेस कापून त्यालाच द्यायची, आणि पैशाऐवजी त्याच्या दुकानातला माल घ्यायचा. लेसवाल्यांना मजुरी रोख द्यावी असा कायदा 1779लाच झाला होता, बऱ्याच धंद्यांसाठीचा कायदा 1831ला. तरी तक्रारी थांबल्या नाहीत. व्यापाऱ्याची वही मिळाली तर सोनं समजा.

आणि एक कळकळीची विनंती. ही कला कॅथरिन ऑफ ॲरगॉन राणीने बेडफर्डशरला दिली असं तुम्हाला जागोजागी वाचायला मिळेल. ती 1536ला वारली. बॉबिन लेसच्या नमुन्यांचं पहिलं छापील पुस्तक निघालं व्हेनिसमध्ये, 1557च्या सुमारास. राणीला श्रेय देण्याच्या नादात ज्या बायकांनी ही कला पिढ्यान्‌पिढ्या वाहिली त्यांचं नाव मागे पडतं. ती गोष्ट लेखात नको.

मागावरची

मंडळी, किती आभार मानू. ताणाबाणा, दोन घावांच्या मधली वर्षं हाच लेख. 1851 ते 1881, एक गाव, एक घर. जुनी_कागदपत्रं, पॅरिशच्या वह्यांसाठी एल्सबरीच्या अभिलेखागारात अर्ज टाकते. ओल्नीचं संग्रहालय आणि बेडफर्डचं हिगिन्स संग्रहालय मला जवळ आहे, लेस्टरचे नमुने तिथेच बघेन.

एकच शंका उरली. इथल्या एका धर्मादाय दुकानात लेसची कॉलर मिळाली आहे, फुलं असलेली, मागे बारीक जाळी. ही हातची की यंत्राची हे घरी कसं ओळखू?

ताणाबाणा

करवतकाठी जास्त नीट सांगतील. मधल्या मध्ये एक माहिती देतो, भारताचा उल्लेख हवा असेल तर उपयोगी पडेल. 1820च्या सुमारास लंडन मिशनच्या मार्था मॉल्ट यांनी त्रावणकोरात नागरकोइलला मुलींच्या शाळेत हीच उशीवरची लेस शिकवायला सुरुवात केली. तुमच्या पट्ट्यात हातलेसवर मंदी येत होती त्याच काळात तिकडे नवे हात तयार होत होते.

करवतकाठी

कॉलर उलटी करून काळ्या कापडावर ठेवा आणि भिंग घ्या. जाळी फुलाच्या मागून सलग गेलेली दिसते का? किंवा फुलाच्या कडेशी कात्रीने कापलेली दिसते का, आणि कडेला शिवणीचे बारीक टाके आहेत का? तसं असेल तर ते जाळीवर लावलेलं काम. मग फुल स्वतंत्र बघा. हातच्या फुलात धागे कापडासारखे आडवे-उभे जातात, कडेला टाचण्यांची भोकं ओळीने दिसतात, आणि दोन फुलं कधी हुबेहूब सारखी नसतात.

जाळीचे धागे फुलात शिरून पुन्हा जाळीत बाहेर पडत असतील, टाका कुठेच नसेल, तर सगळं एकाच उशीवर झालेलं असण्याची शक्यता आहे. मग तुमच्याच पट्ट्याचं काम असू शकेल. धुऊ नका, इस्त्री तर मुळीच नको. आधी दोन्ही बाजूंचे जवळून काढलेले फोटो इथे टाका.