सल्ला हवा: न्यू जर्सीत काउंटीची छपाईची कामं कशी मिळवायची?

छापखाना_एडिसन
मंडळी, एडिसनला आमचं छपाई आणि बोर्ड-बॅनरचं दुकान आहे. मी, बायको आणि दोन मदतनीस. लग्नपत्रिका, रेस्टॉरंटची मेन्यूकार्डं, मंडळाच्या गणपतीचे फ्लेक्स असं चालतं. सीझन संपला की मशीन नुसतं बसून असतं. म्हणून मिडलसेक्स काउंटीची कामं घ्यावीत असं डोक्यात आहे. माहितीपत्रकं, पार्कातले बोर्ड, काहीही चालेल.

वडील सांगलीला जिल्हा परिषदेची छपाई करायचे, त्यामुळे टेंडर, बयाणा, एल-वन हे सगळं कानावरून गेलंय. इथे मात्र जाडजूड पीडीएफ उघडलं की दहाव्या पानाला डोळे मिटतात. सुरुवात कुठून करायची? ओळखीपाळखी लागतात का? काउंटीचा कारभार बघणाऱ्या, निवडून आलेल्या कमिशनर मंडळाच्या मीटिंगला जाऊन बसण्यात काही अर्थ आहे का? आणि एक जण रोज फोन करून "तुमची सरकारी नोंदणी करून देतो, पैसे भरा" म्हणतोय, त्याचं काय करू?

निवांत
फोनवाल्याला आधी ब्लॉक करा. तो बहुधा सॅमच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या कंत्राटदार यादीतल्या नोंदणीबद्दल बोलतोय. ती फेडरल कामांसाठी असते आणि सरकारी साइटवर फुकट होते. काउंटीच्या साध्या छपाईला तिची गरज नाही, फेडरल अनुदानातलं काम असेल तर गोष्ट वेगळी. तुम्हाला हवंय ते राज्याचं बिझनेस रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट, सगळे बीआरसी म्हणतात ते. त्यालाही पैसे पडत नाहीत.

शुभांगी_सेंट्रल_जर्सी
मी एका गावाच्या खरेदी विभागात आहे. कुठल्या ते विचारू नका. काउंटी असो की टाउनशिप, कायदा एकच, लोकल पब्लिक कॉन्ट्रॅक्ट्स लॉ, त्यामुळे सांगते ते दोन्हीकडे लागू पडेल.

दादा, पहिल्याच फटक्यात मोठ्या टेंडरच्या मागे लागू नका. खरेदी एका मर्यादेवर गेली की जाहिरात देऊन बंद बिडं, म्हणजे सीलबंद टेंडरं मागवावीच लागतात. पात्र खरेदी अधिकारी नेमलेला असेल तिथे ही मर्यादा जुलै २०२० पासून ४४,००० डॉलर होती. राज्य दर ५ वर्षांनी ती बदलतं आणि २०२५ मध्येही बदलली, तेव्हा नेटवरच्या जुन्या कागदातला आकडा धरून चालू नका. तुमच्याएवढ्या दुकानाचं गिऱ्हाईक या मर्यादेच्या खालीच आहे. तिथे बिड नाही, कोट म्हणजे साधी दरपत्रकं मागवतात. मर्यादेच्या १५ टक्क्यांवरच्या खरेदीला शक्य असेल तर निदान दोन कोट घ्यायचे असतात. मात्र वर्षभराची एकाच प्रकारची खरेदी एकत्र धरतात. तुकडे पाडून मर्यादेखाली बसवणं बेकायदा आहे, त्यामुळे "दोन बिलं करून देतो" असं गंमतीतही बोलू नका.

आता कोटसाठी आम्ही फोन कुणाला लावतो? समोर ज्याचा कागद असेल त्याला. खरेदी विभागाकडे व्हेंडर म्हणून नोंद करा, बीआरसी आणि डब्ल्यू-९ (करक्रमांकाचा फॉर्म) जोडा, आणि तुम्ही नेमकं काय करता ते एका पानावर लिहा. "सर्व प्रकारची छपाई केली जाईल" असली पत्रकं ढिगाने येतात आणि ढिगातच राहतात. एका दुकानदाराने फक्त "ॲल्युमिनियमचे बोर्ड, २४ बाय ३६ इंच, ५ दिवसांत" एवढंच पाठवलं होतं. ते मी खणात ठेवलं. पुढे पावसाने रस्ते बंद झाले आणि बोर्ड तातडीने हवे होते, तेव्हा पहिला फोन त्यालाच गेला.

कधीतरी बिड भरायची वेळ येईलच, तर हे पाठ करा. कायद्यात ५ कागद असे आहेत, की मागितले असतील आणि बिडसोबत नसतील तर बिड बाद. नंतर आणून देतो, राहून गेलं, काही चालत नाही. बिडची हमी, शुअरिटी (हमीदार) कंपनीचं पत्र, मालकीचं निवेदन, सबकॉन्ट्रॅक्टरांची यादी आणि ॲडेंडम, म्हणजे बिडच्या कागदात नंतर केलेला बदल, मिळाल्याची पोच. हमी बिडच्या १० टक्के, पण २०,००० डॉलरच्या वर नाही. मालकीच्या निवेदनात १० टक्के किंवा जास्त हिस्सा असलेल्या प्रत्येकाचं नाव आणि पत्ता लागतो. दुकान दोघांच्या नावावर असेल तर वहिनींचं नाव विसरू नका, नाहीतर बिडही जाईल आणि घरीही ऐकून घ्यावं लागेल.

सगळ्यात जास्त लोक ॲडेंडममध्ये अडकतात. जाहिरातीनंतर एखाद्या शुक्रवारी दुपारी साइटवर दीड पानाचा बदल पडतो: कागदाची जाडी बदलली, तारीख पुढे गेली. ज्याने पीडीएफ पहिल्याच दिवशी उतरवून घेतलं त्याला पत्ताच नसतो. दर सगळ्यांसमोर वाचून दाखवतात, हा माणूस सगळ्यात स्वस्त निघतो, खूश होऊन घरी जातो, आणि पोच नाही म्हणून काम दुसऱ्या नंबरच्याला. बिड द्यायच्या आदल्या रात्री आणि त्या दिवशी सकाळी साइट परत उघडून बघायची.

कट्ट्यावरचा_भाऊ
शुभांगीताईंना अनुमोदन. ओळखीचं म्हणाल तर "बसा, चहा घ्या" इतपतच. बंद बिडात ओळख उपयोगाची नाही, नियमात बसणाऱ्या सगळ्यात कमी दरवाल्यालाच द्यावं लागतं. उघड स्पर्धेशिवाय जी कामं देतात तिथे राजकीय देणग्यांचा तपशील लिहून द्यावा लागतो. कुणी "अमक्याच्या निवडणूक फंडाला चेक द्या, सोपं जाईल" म्हणालं तर चेकबुक खिशात ठेवा आणि वकिलाला विचारा. राज्यात पे-टू-प्लेचे, म्हणजे देणगी देऊन काम मिळवण्याविरुद्धचे नियम आहेत. देणगीपायी मिळायचं कामही हातचं जाईल.

मृण्मयी_के
मीटिंगबद्दल सांगते, मला तो नाद आहे. नवरा क्रिकेट बघतो, मी न्यू ब्रन्सविकला होणाऱ्या काउंटीच्या मीटिंगचा अजेंडा वाचते.

मिडलसेक्सचं कमिशनर मंडळ ७ जणांचं आहे. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ते नव्याने बसतं आणि वर्षभराच्या मीटिंगचं वेळापत्रक जाहीर होतं, ते उतरवून घ्या. समोर जाऊन बसायचं तर एकदा बसा, पण फार अपेक्षा ठेवू नका. कंत्राटांचे ठराव गठ्ठ्याने मांडतात आणि जांभई देईपर्यंत मंजूर होतात. खरी माहिती ठरावाच्या मजकुरात असते: कुणाला दिलं, किती रकमेपर्यंत, कधीपर्यंत. मालाचं किंवा सेवेचं कंत्राट एरवी २४ महिन्यांपेक्षा जास्त देता येत नाही, अपवाद आहेत. म्हणजे आज छपाईचा ठराव दिसला की तो कधी संपतो ते कॅलेंडरवर टाका, आणि त्याच्या तीन-चार महिने आधी खरेदी विभागाला पत्र लिहा. मंडळाला मान्य नसलेला ठराव कधी मागे ठेवतात, तोही नीट वाचा. कधीकधी सगळी बिडं नाकारून नव्याने मागवतात, आणि तुमच्यासारख्याला तीच संधी.

जुनी इतिवृत्तं शोधताना "फ्रीहोल्डर" टाकून बघा. १ जानेवारी २०२१ च्या आधी या मंडळाला तेच म्हणायचे, "कमिशनर" टाकलं तर निम्मं सापडणार नाही.

आणि लोकांना बोलायची वेळ देतात तेव्हा उठून स्वतःच्या दुकानाचं कौतुक सांगू नका. एकाने सांगितलं होतं, अख्खी खोली छताकडे बघत होती.

निवांत
यात भर: मागच्या बिडात कुणी काय दर भरले होते ते ओप्राखाली, म्हणजे राज्याच्या माहिती अधिकाराच्या कायद्याखाली मागवता येतं. २०२४ मध्ये कायदा बदललाय. धंद्याच्या कामासाठी मागताय असं फॉर्मवर खरंखरं लिहावं लागतं आणि उत्तराला एरवीच्या ७ ऐवजी कामाचे १४ दिवस लागू शकतात. तरीही मागवा. दर बघितल्याशिवाय बिड भरायचं म्हणजे अंधारात तीर.

जर्सीचा_पाटील
दोन गोष्टी कुणी बोललं नाही. एक, काउंटी सगळंच स्वतः मागवत नाही. बरीच खरेदी को-ऑपमधून होते, म्हणजे एका संस्थेने बिड काढायचं आणि बाकीच्यांनी त्याच दराने घ्यायचं. तुमच्या मालाला कुठलं को-ऑप लागतं ते विचारून घ्या, नाहीतर जे बिड कधी निघणारच नाही त्याची वाट बघत बसाल. दोन, बोर्डांच्या धंद्यात तुमचा एक स्पर्धक तुरुंगात आहे. चेष्टा नाही. डेप्टकॉर म्हणून राज्याच्या तुरुंग खात्याचा कारखाना आहे, तो सरकारी कचेऱ्यांना बोर्ड, फर्निचर, छपाई पुरवतो.

फॉर्म भरताना अडलात तर एपेक्स ॲक्सेलरेटर किंवा रटगर्स विद्यापीठाच्या एसबीडीसीकडे जा, दोन्ही छोट्या धंद्यांना मदत करणारी केंद्रं. सल्ला फुकट मिळतो, नुसतीच पत्रकं देऊन वाटेला लावत नाहीत.

छापखाना_एडिसन
सगळ्यांचे मनापासून आभार. हिला वाचून दाखवलं. मालकीच्या निवेदनाचा फॉर्म ती स्वतः भरणार म्हणते.

पैसे किती दिवसांत येतात? आणि पार्कातले बोर्ड खांब रोवून बसवून द्यायचे म्हटलं तर?

शुभांगी_सेंट्रल_जर्सी
पैसे बिलांच्या यादीत नाव लागून मंडळाने मंजुरी दिल्यावर. व्हाउचरवर सही राहिली की पुढच्या मीटिंगपर्यंत लटकलंच. परचेस ऑर्डर हातात आल्याशिवाय एक कागदही छापू नका, फोनवर कितीही गोड बोललं तरी. निधी आहे असं वित्त अधिकाऱ्याने लिहून दिल्याशिवाय कंत्राट होत नाही, आणि तोंडी ऑर्डरचे पैसे मागताना घाम फुटतो.

खांबाचं जरा जपून. छापून पोचवलंत तर तो माल. जमिनीत रोवून बसवलंत की ते सार्वजनिक बांधकाम धरलं जाऊ शकतं. काउंटीच्या अशा कामाला २,००० डॉलरच्या वर प्रिव्हेलिंग वेज लागू होतं, म्हणजे मदतनिसांना राज्याने ठरवलेल्या दराने मजुरी आणि तिचा हिशोब लेखी. शिवाय मजूर खात्याकडची कंत्राटदार नोंदणी बिड भरतानाच असावी लागते, नंतर काढून चालत नाही, आणि तिला फी आहे. पहिलं वर्ष नुसते बोर्ड द्या. खांब पार्क खात्याची माणसं रोवतील.