तारांना हात लावला तरी गिटारचा घूंऽऽ आवाज कमी होत नाही, नक्की कुठे चुकलंय?

सहावी_तार
नमस्कार मंडळी, दोन दिवस डोकं लावतेय पण उलगडत नाहीये म्हणून इथे विचारते. स्ट्रॅटसारखी इलेक्ट्रिक गिटार आहे, तीन सिंगल कॉइल पिकअप (तारांचा कंप पकडणारे, चुंबकाभोवती एकच गुंडाळी असलेले) आणि मागे स्प्रिंगवाला ट्रेमोलो (सूर हलवणारा ब्रिज). घरात ट्यूबलाइट लावली की फार गुणगुणायची म्हणून गेल्या रविवारी पिकगार्ड (पुढची प्लेट) उघडून आतल्या खोबणीत सगळीकडे तांब्याची टेप चिकटवली, हार्डवेअरच्या दुकानात मिळाली ती, आणि आता उलट आवाज वाढलाय. आधी तारांवर हात ठेवला की आवाज निम्म्याहून कमी व्हायचा, आता काहीच फरक पडत नाही, पण केबलच्या पिनच्या धातूला बोट लावलं तर लगेच कमी होतो. पिकअप निवडायचा स्विच दोन आणि चार नंबरला असताना बऱ्यापैकी शांत असते, एक, तीन, पाचला जास्त. आणि पिन जरा आत दाबली की मधेच सगळा आवाज गायब. एका दुकानात दाखवली तर न उघडताच पिकअप बदला म्हणाले. मला नाही वाटत पिकअप गेलेत, वाजवताना सूर एकदम छान येतोय. मल्टिमीटर आहे घरात, काय काय मोजू सांगा प्लीज.

डागवाला
ताई, पिकअपवर एक रुपयाही घालू नका. तुम्ही लिहिलंय त्यातच अर्ध उत्तर आहे. पिनच्या धातूला हात लावल्यावर आवाज कमी होतो म्हणजे केबल आणि अँपकडचा ग्राउंड (सिग्नलची परतीची वाट) ठीक आहे, आणि तारांना लावून होत नाही म्हणजे तारा त्या ग्राउंडला जोडलेल्याच नाहीत. तारा ब्रिजला, ब्रिज स्प्रिंगांना, स्प्रिंगा मागच्या क्लॉला (स्प्रिंगा अडकवायची धातूची पट्टी), आणि क्लॉपासून एक वायर लाकडातल्या भोकातून पुढे व्हॉल्यूम पॉटच्या (व्हॉल्यूमच्या बटणाखालचा भाग) पाठीवर येते. पिकगार्ड उचलताना हीच वायर ओढली जाते, माझ्याकडे आलेल्या कितीतरी गिटारींमध्ये तिथेच तुटलेली मिळाली आहे. मल्टिमीटर बीपवर ठेवा, एक टोक जॅकच्या बाहेरच्या धातूला, दुसरं तारेला. मग क्लॉला, मग वायरला, मग पॉटच्या पाठीला. कुठे बीप थांबतो ते सांगा. दुसरं, टेपचे शेजारशेजारचे दोन तुकडे घ्या आणि एकावर एक टोक, दुसऱ्यावर दुसरं टोक ठेवून बघा. हार्डवेअरवाल्या टेपचा गोंद बऱ्याचदा वीज वाहून नेत नाही, मग प्रत्येक तुकडा आपापला सुटा राहतो, आणि ग्राउंडला न जोडलेला तांब्याचा तुकडा आतमध्ये असून नसल्यासारखा.

आणि हो, त्याआधी गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर आणून बघा. आवाज गेला तर गडबड गिटारकडून येतेय, राहिला तर केबल, अँप किंवा घरातली लाइन.

खर्ज
वरच्यांशी सहमत, फक्त एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो म्हणजे नंतर वाईट वाटणार नाही. आवाज दोन प्रकारचा असतो. एक तो करकरीत, माशी घोंघावल्यासारखा, जो ट्यूबचा चोक, डिमर, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर यातून येतो आणि आपलं शरीर अँटेनासारखं तो पकडून पिकअपच्या जवळ आणतं. म्हणूनच तारांना हात लावला की कमी होतो, कारण तेव्हा आपण स्वतः ग्राउंड होतो. शिल्डिंग, म्हणजे तुमच्या टेपसारखं धातूचं कवच, या आवाजावर चालतं. दुसरा तो खोल घूंऽऽ, ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रातून कॉइलमध्ये येणारा, त्याच्यावर तांब्याची पातळ टेप काहीही करू शकत नाही. आपली लाइन ५० हर्ट्झची, त्याची दुप्पट १०० हर्ट्झ, म्हणून तो सहाव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरच्या जी सुराच्या (९८ हर्ट्झ) अगदी जवळ ऐकू येतो, ट्यूनरने बघा.

दोन आणि चार नंबरला शांत होतंय याचा अर्थ तुमचा मधला पिकअप उलट गुंडाळलेला आणि उलट चुंबकाचा आहे, तिथे तो आणि शेजारचा पिकअप एकत्र चालतात आणि दोघांचा हम (हा घूंऽऽ) एकमेकांना खोडतो. गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हरने १९५५ मध्ये हमबकरच्या (दोन कॉइलच्या पिकअपच्या) पेटंटसाठी अर्ज केला तो याच कल्पनेवर. म्हणजे तुमचे पिकअप व्यवस्थित आहेत आणि एक, तीन, पाचला थोडा हम राहणारच, तो सिंगल कॉइलचा स्वभाव आहे. अँपपासून दीड-दोन मीटर लांब बसा आणि गिटार जरा वळवून बघा, एका कोनात जवळजवळ नाहीसा होतो.

सहावी_तार
बाप रे, किती नीट सांगितलंत. मोजलं सगळं. व्हॉल्यूम शून्यावर पूर्ण शांत. जॅक ते पॉटची पाठ बीप, पॉट ते ती मागे जाणारी वायर बीप, पण वायर ते क्लॉ नाही! बघितलं तर सोल्डरचा डाग वरवर दिसतोय पण वायर हलवली की डागासकट हलते. टेपचे अकरा तुकडे आहेत, त्यातले फक्त तीनच एकमेकांना जोडलेले निघाले. माझ्याकडे २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न आहे, चालेल का?

डागवाला
सापडलं तर मग. २५ वॅटने क्लॉवर डाग बसणार नाही, तो लोखंडाचा मोठा तुकडा आहे, सगळी उष्णता पिऊन टाकतो आणि वरवरचा कोरडा डाग बसतो, आत्ता आहे तसाच. ६० वॅटचं कुणाकडून तरी मागून आणा, क्लॉची जागा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा, आधी फ्लक्स, मग क्लॉवर थोडं सोल्डर पसरू द्या आणि मगच वायर. पॉटच्या पाठीवर मात्र जास्त वेळ टेकवून बसू नका, आतला ट्रॅक जळतो. टेपसाठी प्रत्येक सांध्यावर सोल्डरचा एकेक थेंब, आणि एक छोटी वायर टेपपासून पॉटच्या पाठीला. टेपची कड खोबणीच्या बाहेर अर्धा सेंटिमीटर वर येऊ द्या म्हणजे पिकगार्डच्या मागच्या फॉइलला टेकेल.

पिन दाबली की आवाज जातो तेही टेपमुळेच. पिन आत गेली की जॅकची टोकाची पट्टी बाहेर वाकते आणि टेपला टेकते, सिग्नल सरळ ग्राउंडला जातो. तिथे आतून काळी इन्सुलेशन टेप लावा. पुण्यात असाल तर तापकीर गल्लीत वीज वाहणाऱ्या गोंदाची तांब्याची टेप विचारून बघा, मुंबईत लॅमिंग्टन रोडला.

वायरिंग_पंचवीस_वर्षं
मी गिटार वाजवत नाही, मुलगा वाजवतो, पण घरांचं वायरिंग करतो म्हणून एक विचारतो. माइक ओठाला लागल्यावर कधी झिणझिण्या येतात का? तारा ग्राउंडला जोडल्या की त्या अँपमधून थेट घराच्या अर्थिंगला जोडल्या जातात, म्हणून ते अर्थिंग खरं असणं फार महत्त्वाचं. जुन्या इमारतींमध्ये तीन भोकांचा सॉकेट असतो पण मोठ्या भोकामागे वायरच नसते, किंवा कुणीतरी न्यूट्रलच तिथे जोडलेला असतो, आणि तो न्यूट्रल कधी तुटला तर अँपच्या धातूवर आणि तारांवर २३० व्होल्ट येऊ शकतात. हे नुसतं भीती घालायला सांगत नाही, स्टोन द क्रोज बँडचा गिटारिस्ट लेस हार्वी १९७२ मध्ये वेल्समधल्या स्वान्झीला स्टेजवर, ग्राउंड नसलेल्या माइकला हात लावून शॉकने गेला. आवाज कमी होतो म्हणून अँपची अर्थ पिन काढायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. इलेक्ट्रिशियन बोलवा, फेज ते अर्थ मोजायला सांगा, २३० च्या आसपास यायला हवं, आणि न्यूट्रल ते अर्थ फार तर दोन-तीन व्होल्ट. बोर्डात ३० मिलिअँपचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) नसेल तर बसवून घ्या.

सहावी_तार
झिणझिण्या येतात, हो, मावसभावाच्या माइकवर गाताना. मला वाटायचं माइकच खराब आहे. आज इलेक्ट्रिशियन येऊन गेले, हॉलच्या सॉकेटला अर्थची वायर बोर्डाच्या आतच सुटलेली होती, जोडून दिली, आता फेज ते अर्थ २२८ येतंय. आरसीसीबी पुढच्या आठवड्यात. तुम्ही विचारलंत म्हणून कळलं काका, खरंच.

गिटारचं पण झालं. शेजारच्या दादांचं ६० वॅटचं आणलं, क्लॉचा डाग दुसऱ्या प्रयत्नात बसला, टेपच्या सांध्यांवर थेंब दिले, जॅकपाशी काळी टेप. करकर पूर्ण गेली, ट्यूबलाइट चालू ठेवून वाजवतेय. एक नंबरला थोडा घूं आहे, खिडकीकडे तोंड करून बसले की तोही जातो. ट्यूनर लावून बघितला, जी च दाखवतोय.