समांतर विश्व : विज्ञान की उधारी?

कर्वेरोडकर

कोजागिरीला सोसायटीच्या गच्चीवर दूध आटवत होतो. चंद्र डोक्यावर, पातेलं गॅसवर, आणि विषय निघाला विश्वाच्या जन्माचा. तिसऱ्या मजल्यावरचा इंजिनीअर मुलगा छातीठोकपणे म्हणाला, "काका, समांतर विश्वं आहेत हे आता सिद्ध झालंय. त्यातल्या एखाद्यात तुम्ही काकूंच्या आधी निवृत्त झाला असाल." सगळे हसले, मीही हसलो. घरी आल्यावर मात्र झोप लागेना.

माझं म्हणणं इतकंच, की महास्फोट (बिग बँग, म्हणजे विश्व अतितप्त, दाट अवस्थेतून पसरत आलं हा सिद्धान्त) आणि समांतर विश्वं (आपल्याखेरीज आणखीही विश्वं आहेत ही कल्पना) एका ताटात वाढू नका. महास्फोटाने रोख पैसे मोजलेत. दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांचे अफाट समूह, जितक्या लांब तितक्या वेगाने दूर पळतात, हे खगोलशास्त्रज्ञ हबलने १९२९ मध्ये दाखवलं. १९६५ मध्ये पेन्झियस आणि विल्सन या शास्त्रज्ञांच्या रेडिओ अँटेनातली खरखर कबुतरांची घाण साफ करूनही जाईना; ती निघाली विश्वाच्या बालपणाची उरलेली ऊब. आज तिचं तापमान निरपेक्ष शून्याच्या जेमतेम २.७ अंश वर. जुन्या टीव्हीवर चॅनल नसलं की मुंग्या यायच्या ना, त्यातही तिचा चिमूटभर वाटा असायचा. विश्वातल्या साध्या पदार्थात वस्तुमानाने साधारण पाव हिस्सा हेलियम का, याचाही हिशेब जुळतो.

समांतर विश्वांनी आजवर काय मोजलं? त्यांच्या दुकानावरची पाटी एकच : 'आज उधार, उद्या रोख'.

तिसरा_मजला

काका, तो मुलगा मीच. 'सिद्ध' हा शब्द मागे घेतो, तेवढा गुन्हा कबूल. बाकीचा नाही.

तुमच्या त्या उबेतच एक कोडं आहे. आकाशाच्या या टोकाला आणि त्या टोकाला तापमान एकच, फरक लाखात एक. साध्या महास्फोटात ही दोन टोकं कधी एकमेकांच्या संपर्कातच आली नसती, मग जुळवून कोणी घेतलं? १९८१ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ ॲलन गुथने उत्तर सुचवलं : अगदी सुरुवातीला विश्व क्षणार्धात प्रचंड फुगलं. पुढे लिंडेसारख्यांनी गणित केलं तर दिसलं, की बऱ्याच मॉडेलांमध्ये ही फुगण्याची क्रिया सगळीकडे एकदम थांबतच नाही.

तुम्ही डाव फिरवत होतात तेव्हा दुधात इथे-तिथे बुडबुडे येत होते. समजा, दोन बुडबुड्यांमधलं दूधच इतक्या झपाट्याने वाढतंय की ते एकमेकांना सहसा भेटतच नाहीत. प्रत्येक बुडबुडा एक विश्व. हे कोणी हौसेने कल्पिलेलं नाही. फुगवटा हा जावई पसंत केला की त्याचे पाहुणे, म्हणजे ही विश्वं, दारात आलेच.

आणि दिसत नाही म्हणून नाकारायचं, तर कृष्णविवराच्या आतलंही आपल्याला दिसणार नाही. तिथे आइन्स्टाइनवर विश्वास ठेवताच ना?

कर्वेरोडकर

आइन्स्टाइनवर विश्वास ठेवतो कारण त्याने ग्रहणात, बुधाच्या कक्षेत आणि शंभर ठिकाणी परीक्षा दिल्यात. तुझा जावईच अजून साखरपुड्यापाशी अडकलाय. २०१४ च्या मार्चमध्ये दक्षिण ध्रुवावरच्या बायसेप-२ दुर्बिणीवाल्यांनी फुगवट्याचा थेट पुरावा सापडल्याचं जाहीर केलं. पेढे वाटून झाले. वर्षभरात कळलं, आपल्याच आकाशगंगेतली धूळ.

जुना_आयुकाप्रेमी

दोघेही फार ठाम बोलताय. पुण्यात बसून हा वाद घालताना नारळीकर सरांना विसरून कसं चालेल? 'बिग बँग' हे नाव १९४९ मध्ये बीबीसी रेडिओवर ज्या फ्रेड हॉईलनी दिलं, त्यांनाच तो सिद्धान्त मान्य नव्हता. सर त्यांचे विद्यार्थी. १९९३ मध्ये हॉईल, बर्बिज आणि सरांनी विश्वाला एकच आरंभ नाही, ते आलटून पालटून फुगतं-आकसतं, असं मॉडेल मांडलं. गणेशखिंडीत आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था उभी केली, पण तिथे येणाऱ्या कुणावर ते मत लादलं नाही. २०२५ च्या मेमध्ये सर गेले, तोवर महास्फोटाबद्दलच्या त्यांच्या शंका कायम होत्या.

बहुसंख्यांना ते मॉडेल पटलं नाही. पार्श्वप्रारणाच्या, म्हणजे वरच्या त्या उरलेल्या उबेच्या, मोजमापांपुढे ते तोकडं पडलं, हेही खरं. पण मोजमापापुढे तोकडं पडता येणं हीच तर सिद्धान्ताची लायकी. तिसरा मजला, तुमची बुडबुड्यांची विश्वं कुठल्या मोजमापापुढे हरतील ते सांगा. मी लगेच पक्ष बदलतो.

लोलक

सांगतो. दोन बुडबुडे सुरुवातीला एकमेकांवर आपटले असतील तर पार्श्वप्रारणाच्या नकाशात गोल डाग उमटावेत. २०११ मध्ये पार्श्वप्रारण मोजणाऱ्या डब्ल्यूमॅप उपग्रहाच्या नकाशात ते शोधून पाहिले. ठोस काही मिळालं नाही. म्हणजे शोधता येतं. फक्त डाग न सापडल्याने सिद्धान्त मरत नाही, टक्कर आपल्या आवाक्याबाहेर झाली असं म्हणायला जागा राहते. माझी अडचण इथे आहे.

आणि कृपा करून दोन वेगळ्या गोष्टींची भेळ करू नका. काकू-काकांच्या निवृत्तीवाली विश्वं बुडबुड्यांची नव्हेत, ती भौतिकशास्त्रज्ञ ह्यू एव्हरेटची. त्याने १९५७ च्या प्रबंधात म्हटलं, की सूक्ष्म कणाचं मोजमाप करताना त्याची पुंज-अवस्था, म्हणजे अनेक शक्यतांची सरमिसळ, एकाच शक्यतेवर कोसळत नाही, सगळ्या शक्यता आपापल्या फांदीवर चालू राहतात. नारळीकरांच्या कथेत पुण्याचे इतिहासाचे प्राध्यापक पोचतात ते पानिपत जिंकलेल्या जगात, विश्वासराव वाचतात तिथे. कथा म्हणून बेफाट. एव्हरेटच्या गणितात मात्र एका फांदीवरून दुसरीवर उडी मारायची सोय नाही, त्यामुळे १७६१ परत लढायला कुणी निघू नये.

ऋचा_वाचक

हे सगळं ऋग्वेदात आधीच आहे. विश्वाच्या उत्पत्तीवरचं नासदीय सूक्त वाचा.

लोलक

वाचलंय. दहावं मंडल, १२९ वं सूक्त. शेवटी कवी म्हणतो, परमव्योमातला जो अध्यक्ष आहे त्यालाच हे ठाऊक असेल, किंवा त्यालाही नसेल. एवढी सुंदर शंका घेणाऱ्या माणसाच्या गळ्यात 'आम्हाला आधीच माहीत होतं'ची माळ घालता?

तिसऱ्या_पिढीची_आजी

मी कर्वेरोडकरांच्या घरातली. वाद रंगात असताना दूध तळाला लागलं होतं. कोणाच्या लक्षात आलं नाही. पातेलं मी खरवडलं. एव्हरेटला विचारा, न लागलेल्या दुधाची फांदी कुठे आहे. आणि निवृत्त आधी मीच झाले, सगळ्या विश्वांत.

कर्वेरोडकर

यापुढे मी काय लिहिणार!

लोलक यांचा डागांचा मुद्दा मला माहीत नव्हता. 'काहीच मोजलं नाही' हे वाक्य मी मागे घेतो, बाकी उधारी वहीत तशीच राहील. मला मुळात पाहायला मिळणाऱ्या जुन्या गोष्टी जास्त आवडतात. नारायणगावजवळ खोडदला आणि आसपास जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटरच्या ३० तबकड्या आहेत. हायड्रोजन २१ सेंटिमीटरच्या लहरींवर जो क्षीण संदेश सोडतो तो त्या ऐकतात. तिथे टिपलेला एका दूरच्या दीर्घिकेचा असा संदेश २०२३ मध्ये जाहीर झाला. निघाला होता सुमारे ८८० कोटी वर्षांपूर्वी. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला तिथे लोकांना पाहायला सोडतात. येतोस का रे तिसरा मजला?

तिसरा_मजला

गाडी माझी. डबा काकूंना विचारून ठरवा, त्यांचा राग अजून २.७ अंशावर आलेला नाही.