अनुभव धागा: खाडीकाठच्या गावातील सूचना फलक आणि त्याच्यासमोर झालेल्या चर्चा

ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यापासून खाडीच्या पूर्व काठाने विटावा, दिवा, ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, जुहूगाव, वाशी, सारसोळे, करावे आणि दिवाळे या गावांकडे उतरत गेले, तर बहुतेक ठिकाणी गावदेवीच्या देवळाजवळ, समाजमंदिराच्या भिंतीवर किंवा मच्छिमार सहकारी संस्थेच्या दाराशी एक फळा आढळतो. भरतीची वेळ, पाणी बंद असल्याची सूचना, कोणाच्या दहाव्याची वेळ, होडीच्या परवान्याचे काम, गावकीचा ठराव आणि सरकारी जाहीर नोटीस हे सारे त्याच एका चौकटीत लागते. मोबाइलच्या गटांवर मजकूर झपाट्याने फिरतो हे खरे असले, तरी त्या गटांत गावातील प्रत्येक जण नसतो आणि तेथील मजकूर दुसऱ्या दिवशी कोठे गेला हे सापडत नाही. फळ्यावरचा कागद मात्र सर्वांना सारखाच दिसतो, आणि त्याच्यासमोर उभे राहून बोलणाऱ्याला समोरच्याचे ऐकून घ्यावे लागते. म्हणूनच हा धागा मांडत आहे. सूचना काय होती, तिच्यावरून कोणता प्रश्न उभा राहिला आणि पुढे काय ठरले, हे कृपया सविस्तर लिहावे. व्यक्तींची नावे टाळावीत.

बेलापूर पट्टीतील एका गावातून, संस्थेच्या कार्यालयात काम पाहणारे

आमच्या संस्थेच्या फळ्यावर रोज सकाळी सर्वांत आधी तिथी लिहिली जाते आणि तिच्याखाली भरती-ओहोटीच्या वेळा येतात. जुन्या नाखवांना वेळा लिहून देण्याची गरज नसते, कारण तिथीला पाऊणने गुणले की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते हा हिशेब त्यांच्या तोंडी आहे. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास. परंतु हल्ली होडीवर जाणारी अनेक मुले दिवसा कंपनीत नोकरी करतात आणि सुटीच्या दिवशीच जाळे टाकतात. त्यांना तिथीचे भान राहत नाही. त्यामुळे उधाण (मोठी भरती) आहे की भांग (लहान भरती) आहे हे ठळक अक्षरांत लिहावे असे आम्ही ठरवले. पावसाळ्यात महापालिकेकडून साडेचार मीटरपेक्षा उंच भरतीच्या दिवसांची यादी येते, तीही आम्ही शेजारी लावतो, कारण अशा दिवशी मुसळधार पाऊस झाला तर नाल्याचे पाणी खाडीत उतरत नाही आणि खालच्या आळीतील घरांत शिरते.

वादळी हवामानाचा इशारा आला की ‘तीन नंबरचा बावटा लागला आहे’ एवढेच एक वाक्य आम्ही लाल खडूने लिहितो, आणि ते वाचून कोणाला काही विचारावे लागत नाही. उरलेल्या सूचना कागदपत्रांच्या असतात, म्हणजे नौका नोंदणी, परवान्याचे नूतनीकरण, डिझेल परताव्यासाठी लागणाऱ्या पावत्या. या सूचना कंटाळवाण्या वाटतात, पण एखादी तारीख चुकली तर त्या कुटुंबाचा परतावा अडकतो. अशा सूचनेच्या शेवटी ‘अंतिम तारीख’ हे शब्द स्वतंत्र ओळीत लिहिल्यापासून उशिरा येणाऱ्यांची संख्या स्पष्टपणे कमी झाली आहे, हे मी समाधानाने नमूद करतो.

ऐरोलीजवळून, खाडीत पाग (हाताने फेकायचे जाळे) टाकणाऱ्या कुटुंबातील एक सून

दरवर्षी 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत यांत्रिक नौकांच्या मासेमारीवर बंदी असते, कारण तो मासळीच्या विणीचा काळ असतो आणि समुद्रही खवळलेला असतो. एका वर्षी आमच्या फळ्यावर केवळ ‘मासेमारी पूर्णपणे बंद’ असे लिहिलेले होते. माझ्या आत्याबाई, म्हणजे सासूबाई, वल्ह्याच्या लहान होडीतून चिंबोरी, निवटी आणि बोय आणतात व दारावर विकतात. त्यांनी मला फळा वाचायला लावला आणि मग तेथेच बसलेल्या मंडळींना विचारले, “मंग आमी पन दोन महिने चूल बंद ठेवायची काय?”

त्यावरून जी चर्चा झाली ती मला आजही महत्त्वाची वाटते. काहींचे म्हणणे असे होते की सूट द्यायला लागलो तर इंजिन लावलेल्या होड्याही त्या आडोशाने जातील आणि कोवळी मासळी मारली जाईल. ही भीती खोटी नव्हती. दुसऱ्या बाजूने सांगण्यात आले की बंदीचा आदेश यांत्रिक नौकांसाठी असतो, पारंपरिक बिगर यांत्रिक होड्यांना तो लागू होत नाही, आणि खाडीत हाताने पाग टाकणाऱ्या बाईला खोल समुद्रातील ट्रॉलरच्या पंक्तीला बसवणे अन्यायाचे आहे. शेवटी मूळ आदेशाची प्रत मागवून तीच फळ्यावर लावण्यात आली आणि खाली मराठीत लिहिले गेले की इंजिनाच्या होड्या बंद, वल्ह्याच्या होड्या चालू, मात्र बारीक आसाची (छिद्रांची) जाळी कोणीही वापरू नयेत. ही शेवटची अट आदेशातील नव्हती. ती गावाने स्वतःवर घालून घेतली आणि आत्याबाईंनी ती सर्वांत आधी मान्य केली.

(आत्याबाईंचा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. ‘ही सूचना नेमकी कोणासाठी आहे’ हे सूचनेतच लिहिलेले असेल तर निम्मे वाद उद्भवणारच नाहीत.)

घणसोली-कोपरखैरणे परिसरातून, निवृत्त शिक्षक

आमच्या फळ्यावरील सर्वांत तीव्र चर्चा खाडीविषयी नव्हती, ती हळदीविषयी होती. आगरी-कोळी समाजात हळदीच्या रात्रीचा खर्च गेल्या काही वर्षांत इतका वाढला आहे की मध्यम उत्पन्नाचे कुटुंब त्यासाठी कर्ज काढते. गावकीच्या बैठकीत ठराव झाला की हळदीत मद्य दिले जाऊ नये आणि रात्री दहानंतर ध्वनिवर्धक वाजू नये. ठराव फळ्यावर लागला आणि दुसऱ्याच दिवशी काही तरुणांनी त्याच्याखाली स्वतःच्या सह्यांनिशी कागद लावला. ज्यांनी आपल्या घरची लग्ने थाटात उरकून घेतली त्यांनीच आता नियम करावेत हे पटत नाही, असा त्याचा आशय होता.

हा कागद काढून टाकावा असे अनेकांनी सुचवले. मी त्यास विरोध केला, कारण ज्याने सही केली आहे त्याचे म्हणणे फाडून टाकले तर पुढच्या वेळी तो सही न करता लिहील आणि मग बोलणे संपेल. कागद राहिला. त्यानंतर गावातील एका वयस्कर धवलारणीने, म्हणजे लग्नात धवले ही पारंपरिक गाणी म्हणणाऱ्या बाईने, फार शांतपणे मुद्दा मांडला की डीजे आल्यापासून धवले ऐकू येत नाहीत, आणि जिच्या गाण्याशिवाय पूर्वी लग्न लागत नसे ती आता मांडवाच्या कडेला खुर्चीवर बसून असते. त्या बोलण्याने तरुणांचा विरोध मावळला असे मी म्हणणार नाही. परंतु सुधारित ठरावात धवल्यांसाठी सुरुवातीची वेळ राखून ठेवावी ही ओळ त्याच तरुणांपैकी एकाने लिहिली. मद्याच्या मुद्द्यावर मात्र आजही एकमत नाही. काही घरे ठराव पाळतात, काही पाळत नाहीत.

वाशीच्या बाजूने, मासेमारी आणि नोकरी दोन्ही करणारे

एका सार्वजनिक यंत्रणेने खाडीच्या तोंडाशी काम काढले तेव्हा तिची नोटीस आमच्या फळ्यावर इंग्रजीत चिकटवण्यात आली. कामाची हद्द सर्व्हे क्रमांकांत दिलेली होती आणि हरकतीची मुदत तळाच्या बारीक अक्षरांत होती. आमच्याकडे जागेला सर्व्हे क्रमांक नसतो. खडपाचे (पाण्यातील खडकाळ जागेचे) नाव असते, खाजणाचे (खाऱ्या दलदलीचे) नाव असते, जाळी बांधायच्या खांबांच्या रांगेचे नाव असते. गावातील कायद्याचे शिक्षण घेणाऱ्या एका मुलीने नोटिशीचे मराठी करून, तिच्या शेजारी हाताने काढलेला नकाशा लावला व त्यावर आमची नावे लिहिली. तेव्हा कोठे वयस्कर मंडळींना कळले की ज्या ठिकाणी त्यांची जाळी लागतात तेथेच भराव पडणार आहे. मुदत संपण्यापूर्वी हरकती गेल्या, त्या केवळ त्या नकाशामुळे.

याबाबत इतर गावांनाही उपयोगी पडेल अशी एक गोष्ट सांगतो. पर्यावरणीय मंजुरीसाठी जनसुनावणी आवश्यक असलेल्या प्रकल्पांना 2006 ची पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचना लागू होते. तिच्यानुसार जनसुनावणीची सूचना किमान 30 दिवस आधी वर्तमानपत्रांतून द्यावी लागते, आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेतही उपलब्ध करून द्यावा लागतो. तो सारांश मागणे हा आपला हक्क आहे. वाशीजवळ खाडीवर 1973 मध्ये पहिला रस्ता-पूल झाला आणि 1997 मध्ये दुसरा. त्या काळात मच्छिमारांच्या नुकसानीचा प्रश्न कोणी इतक्या ठामपणे मांडला नव्हता. तिसऱ्या पुलाच्या वेळी मच्छिमारांची संस्था न्यायालयात गेली, आणि ऑगस्ट 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बाधित मच्छिमारांचा भरपाईचा हक्क मान्य केला. तो निकाल आम्ही मराठीत सारांश करून फळ्यावर लावला होता आणि पावसाने खराब झाल्यावर पुन्हा लावला.

बाजूच्याच एका गावठाणातील भाडेकरू

मी मूळचा परभणीकडचा. गावठाणातील इमारतीत भाड्याने राहतो. पाणी बंद असल्याची सूचना आम्ही फळ्यावर वाचतो, पण आमच्या इमारतीसमोर तुंबणाऱ्या गटाराची सूचना आम्हांला लावता येईल का, हा प्रश्न होता. फळा गावकीचा आहे आणि भाडेकरू आज आहे, उद्या नाही, असे काहींचे मत पडले. त्यावर एका काकांनी सांगितले की गटार भाडेकरू आणि मालक असा भेद करत नाही. आता फळ्याचा खालचा एक भाग सर्व रहिवाशांसाठी खुला आहे; नाव आणि इमारतीचा पत्ता लिहावा लागतो. माझी सूचना तेथे लागली आणि गटार साफ झाले. मला या निर्णयाचे मनापासून कौतुक वाटते.

चेंदणी, ठाणे येथून

आमचा कोळीवाडा रेल्वे स्थानकाच्या जवळ आहे, म्हणून बाहेरच्या माणसाला तो शहराचाच एक भाग वाटतो. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्यास आली तेव्हाही हा वाडा येथे होता. समूह पुनर्विकासाची, म्हणजे क्लस्टरची चर्चा सुरू झाली तेव्हा ठाण्यातील गावठाणे आणि कोळीवाडे त्यातून वगळावेत अशी मागणी झाली. आमच्या फळ्याभोवती त्या काळात दोन्ही मते उघडपणे मांडली गेली. एका घरात चार भाऊ आहेत, खोल्या दोन आहेत. त्यांना नवे मोठे घर हवे असण्यात काहीही गैर नाही. पण वाड्याची मोजणी होऊन सीमा नोंदली जाण्याआधी त्याला झोपडपट्टीच्या रांगेत बसवले, तर जाळी वाळवण्याचे अंगण, होड्यांची वाट आणि सामाईक जागा कोणाच्या कागदावर राहणार, हा प्रश्न माझ्या मते आधीचा आहे. ‘प्रथम सीमांकन, नंतर विकास’ ही ओळ त्या वेळी फळ्यावर लिहिली गेली. ती मला आजही योग्य वाटते.

ऐरोली परिसरातून, तरुण कार्यकर्ती

ऑगस्ट 2015 मध्ये ठाणे खाडीचा सुमारे 1,690 हेक्टरचा पट्टा फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून अधिसूचित झाला आणि 2022 मध्ये ठाणे खाडी रामसर स्थळांच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत आली. अभयारण्य झाले म्हणजे खाडीत उतरणे बंद, अशी बातमी आमच्याकडे आधी पसरली आणि खरा मजकूर नंतर आला. मधल्या काळातील अस्वस्थता मी जवळून पाहिली आहे. त्यानंतर कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्माण योजनेची सूचना लागली. तिच्यात खेकडापालन, जिताडा पालन आणि निसर्ग पर्यटन यांसाठी गट करता येतील असे होते. पहिल्या बैठकीत महिलांनी विचारले की पर्यटकांची होडी आणि शिवल्या (खाण्याचे शिंपले) काढणाऱ्या बायका एकाच ओहोटीला एकाच जागी आल्या तर वाट कोणी द्यायची. उत्तर गावातच शोधावे लागले. होडीच्या फेऱ्या भरतीवर ठेवायच्या, कारण पाणी असल्याशिवाय होडी चालत नाही, आणि शिवल्या ओहोटीत चिखल उघडा पडल्यावरच मिळतात. वेळापत्रक भरतीच्या वेळांशेजारीच लिहिले जाते.

दिवाळ्याच्या बाजूने

माझा अनुभव छोटा आहे. जेट्टीजवळ एक नांगर सापडला, त्याची सूचना ‘खूण सांगून घेऊन जावे’ अशी लागली. खूण मुद्दाम लिहिली नव्हती. तिघे आले, ज्याने कडीला बांधलेल्या दोरीचा रंग सांगितला त्याला नांगर मिळाला.

पुन्हा बेलापूर पट्टीतून, पहिल्याच अनुभवाचे लेखक

वरील सर्व वाचून एक गोष्ट जोडावीशी वाटते. फळ्यावरून उतरवलेले कागद आमच्याकडे पूर्वी फेकले जात. आता ते तारखेनुसार फाईलमध्ये लावले जातात. भरपाईसाठी बाधितांच्या याद्या तयार होतात तेव्हा कोणत्या कुटुंबाची होडी कोणत्या काळात कोठे चालत होती याचा पुरावा मागितला जातो, आणि परवाना नसलेल्या, हाताने मासेमारी करणाऱ्या बायकांकडे असा पुरावा बहुधा नसतो. जाळी लावण्याच्या जागांचे वाटप, होडी मालकांच्या याद्या, बंदीच्या काळातील सवलतीची सूचना हे कागद अशा वेळी त्यांच्या बाजूने बोलू शकतात. पाग टाकणाऱ्या आणि शिवल्या काढणाऱ्या बायकांची स्वतंत्र यादी आम्ही यंदापासून फळ्यावर लावत आहोत, आणि नाव राहिले असल्यास कळवावे असे तिच्याखाली लिहितो. वाशीच्या लेखकांना विनंती आहे की त्या मुलीने काढलेल्या नकाशाची प्रत आम्हांस मिळावी. आमच्याकडील खडपांची नावे सांगणारी माणसे अजून आहेत, आणि ती आहेत तोवर आमचाही नकाशा काढून व्हायला हवा.